कडक कायदा, कच्चा तपास: दहशतवादाच्या खटल्यांतून आपल्या हाती काय लागलं?

पश्चिम_रेल्वे (धागाकर्ता)

२१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक जण २०२१ मध्येच नागपूरच्या तुरुंगात कोविडने वारला होता. बरोबर दहा दिवसांनी, ३१ जुलैला, विशेष एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था) न्यायालयाने मालेगावच्या २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी निर्दोष सोडले.

या दोन निकालांवर लोक कसे बोलले ते आपण सगळ्यांनी पाहिलं. एका निकालावर ज्यांनी पेढे वाटले त्यांनी दुसऱ्यावर छाती पिटली, आणि उलटही झालं. आरोपींची नावं वाचून कुठल्या निकालावर संतापायचं ते ठरत होतं. मला हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचायचे आहेत, कारण दोन्ही तपास एकाच राज्यातल्या एकाच यंत्रणेने, एटीएसने (दहशतवादविरोधी पथकाने), सुरू केले होते आणि दोन्हींत एकच कायदा लावला होता: मोक्का.

मोक्का १९९९ चा. संघटित गुन्हेगारीसाठी, म्हणजे खंडणी आणि टोळीयुद्धाच्या काळात आणलेला. त्यातली दोन कलमं महत्त्वाची. एक, पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. एरवीच्या कायद्यात पोलिसांसमोरची कबुली इंग्रजांच्या काळापासून पुरावा म्हणून चालत नाही, आणि त्यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरं, जामीन जवळपास अशक्य.

आता लोकल स्फोटांच्या निकालात उच्च न्यायालयाने काय म्हटलं ते बघा. कबुलीजबाबांचे काही भाग एकमेकांशी तंतोतंत जुळणारे होते आणि ते मारहाण करून घेतल्याचा आरोपींचा दावा न्यायालयाला ग्राह्य वाटला. स्फोटात कुठल्या प्रकारचा बॉम्ब वापरला हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. आरोपींना चर्चगेटला सोडल्याचं सांगणारे टॅक्सीचालक सुमारे शंभर दिवस गप्प होते. ओळख परेड ज्यांनी घेतली त्यांना तिचा अधिकारच नव्हता. शिवाय २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेच्या ज्या लोकांना पकडलं, त्यांच्यातल्या एकाने लोकलचे स्फोट आम्हीच केले असं सांगितलं होतं. म्हणजे एकाच शहरातल्या दोन पोलीस पथकांकडे एकाच गुन्ह्याच्या दोन वेगळ्या कथा होत्या.

खार, वांद्रे, जोगेश्वरी, माहीम, माटुंगा, मीरा रोड, बोरिवली. सात स्फोट, साधारण अकरा मिनिटांत, १८० हून अधिक माणसं गेली. एकोणीस वर्षांनी आपल्याला ते कोणी केलं हे ठामपणे सांगता येत नाही. निकालाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरू नये असं सांगितलं, सुटलेल्यांना मात्र परत आत पाठवलं नाही. पुढे काय व्हायचं ते होईल.

माझं म्हणणं एवढंच: कबुलीजबाबाची सोय आणि जामिनाची बंदी हातात असली की तपास अधिकाऱ्याला पुराव्यामागे धावायची निकडच उरत नाही. आरोपी आत आहे, सही झालेली आहे, पत्रकार परिषद झालेली आहे. ज्यात बॉम्ब होते असं पोलीस सांगतात ते कुकर कुठल्या दुकानातून आले, कोणी घेतले, फोन कुठल्या टॉवरखाली होते, हे काम घामाचं आहे आणि ते पहिल्या काही आठवड्यांतच होतं. नंतर होत नाही. म्हणून नागरिकांच्या हक्कांचा प्रश्न मला आरोपीपुरता वाटतच नाही. ज्यांची माणसं गेली त्यांचाही तो तितकाच आहे.

---

गिरगावकर

धागा तळमळीने लिहिलाय, पण मला पटलेला नाही.

१२ मार्च १९९३ ला मी एअर इंडियाच्या इमारतीपासून फार लांब नव्हतो. २५७ माणसं गेली त्या दिवशी. तो खटला टाडाखाली, म्हणजे तेव्हाच्या खास दहशतवादविरोधी कायद्याखाली चालला, त्यात पोलिसांसमोरचे कबुलीजबाब ग्राह्य होते, आणि १२३ पैकी १०० जण दोषी ठरले. टाडा नसता तर टोळीच्या धाकाने एक साक्षीदार उभा राहिला नसता. तुम्ही म्हणता तसा सगळा पुरावा बाजारात मिळत नाही. सीमेपलीकडे कट शिजतो, इथे फक्त चार हात असतात, त्या हातांना पूर्ण कट माहीतही नसतो.

सामान्य चोरीच्या गुन्ह्याचे नियम दहशतवादाला लावायचे आणि मग स्फोट झाला की पोलीस झोपले होते का विचारायचं, हा दुटप्पीपणा मला सहन होत नाही. हक्क फक्त पकडलेल्याचे असतात का? लोकलमध्ये चढलेल्या माणसाला संध्याकाळी घरी पोचायचा हक्क नव्हता?

---

नागपूरची_वकील

गिरगावकर, तुमचा राग मी समजू शकते. कोर्टात अशा कुटुंबांच्या शेजारी बसले आहे. पण १९९३ च्याच खटल्याकडे जरा वेगळ्या बाजूने बघा. आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरलं. दोषी ठरलेल्यांत कस्टम्सचे अधिकारी होते आणि पोलीसही होते. किनाऱ्यावर माल अडवायला साधा कस्टम्सचा कायदा पुरेसा होता. तो पैसे घेऊन बाजूला ठेवला गेला. टाडा आधीपासून अस्तित्वात होता, तरी स्फोट व्हायचे ते झाले. आणि निकाल यायला तेरा-चौदा वर्षं लागली.

दुसरीकडे टाडाखाली देशभरात सत्तर हजारांहून जास्त लोक धरले गेले, आणि दोषी ठरले ते नगण्य. शेवटी १९९५ मध्ये संसदेने तो संपू दिला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. टाडाला मुदत होती, दर दोन वर्षांनी संसदेसमोर यावं लागे. त्याच्यानंतर आलेल्या २००२ च्या 'पोटा' या दहशतवादविरोधी कायद्यालाही तीन वर्षांची मुदत होती. तो २००४ मध्ये रद्द झाला, पण त्यातल्या बऱ्याच तरतुदी त्याच वर्षी यूएपीएमध्ये घातल्या गेल्या, आणि यूएपीएला मुदतच नाही. १९६७ चा, बेकायदा संघटनांसाठीचा कायदा, त्यात २००४, २००८, २०१२, २०१९ अशा भरी पडत गेल्या. तात्पुरतं म्हणून आणलेलं कायमचं झालं.

धागाकर्त्यांनी मोक्काबद्दल लिहिलं. यूएपीएमध्ये पोलिसांसमोरची कबुली चालत नाही, हे आधी स्पष्ट करते. तिथला पेच जामिनाचा आहे. २६/११ नंतर आलेल्या कलम ४३ड मुळे दोषारोपपत्र दाखल करायला ९० ऐवजी १८० दिवस मिळू शकतात. त्यानंतर कोर्टाला आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर जामीन देता येत नाही. २०१९ मध्ये वटाली निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या टप्प्यावर पुराव्याची चिरफाड करू नका, पोलिसांची कागदपत्रं सलग वाचून मत बनवा. आता सांगा, एकाच बाजूने लिहिलेले कागद उलटतपासणीशिवाय वाचले तर ते खरे नाही वाटणार तर काय?

२०२१ मध्ये नजीब निकालात तेच न्यायालय म्हणालं की खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल तर राज्यघटनेच्या कलम २१ समोर (जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क) ही बंदी वितळते. त्या आरोपीने पाच वर्षांहून अधिक काळ आत काढला होता. तेव्हापासून आम्ही वकील या दोन निकालांच्या मधे उभे आहोत. एका खंडपीठासमोर एक वाचला जातो, दुसऱ्यासमोर दुसरा. अशिलाची बायको विचारते, 'मॅडम, सुटतील का?' आणि उत्तर कुठल्या न्यायमूर्तींसमोर प्रकरण लागतं यावर असतं.

---

निवृत्त_तपासी

मी पोलीस खात्यात आयुष्य काढलं. कुठल्या खटल्यावर बोलणार नाही, कामाबद्दल बोलतो.

स्फोटानंतर पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न वरून येतो: डिटेक्शन झालं का? मंत्रालय विचारतं, वरिष्ठ विचारतात, चॅनेलवाले पोलीस ठाण्याच्या दारात उभे असतात. त्याच वेळी घटनास्थळी लोक ढिगारा उपसत असतात, अग्निशमनवाले पाणी मारत असतात, रेल्वेला रूळ मोकळे करून गाड्या सोडायच्या असतात. न्यायवैद्यक नमुने तिथेच निम्मे जातात. प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागतात. पंच म्हणून उभं राहायला कोणी तयार नसतं, मग तेच ते ठरलेले पंच, आणि बचावाचा वकील दहा मिनिटांत त्यांना उघडे पाडतो.

गिरगावकरांचा मुद्दा खोटा नाही. साक्षीदार घाबरतात, आणि खटला पंधरा वर्षं चालला की न घाबरणारेही कंटाळतात. मालेगाव २००८ मध्ये ३२३ साक्षीदार तपासले, त्यातले तीसहून अधिक फितूर झाले. त्यातले काही दबावाने फिरले असतील, काहींचे जबाबच आधी नीट घेतले नसतील. बाहेरून कळत नाही.

पण धागाकर्ता जे म्हणतो तेही मी आतून पाहिलंय. कबुली हातात आली की पथक सैल पडतं. चांगला तपास अधिकारी कबुली शेवटी घेतो आणि तिच्यातली प्रत्येक ओळ बाहेरच्या पुराव्याने पडताळतो. वाईट अधिकारी तिच्यापासून सुरुवात करतो आणि पुरावा तिला जुळवत आणतो. कायदा दोघांना सारखंच बळ देतो, अडचण ती आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलंय, ते मला फार मोलाचं वाटतं. चौकशीच्या खोलीतही तसंच सलग चित्रीकरण हवं. प्रामाणिक पोलिसाला त्याने धोका नाही, उलट संरक्षण आहे.

---

मोसमकाठ

मालेगावचा आहे. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारात. बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले, तीसहून जास्त लोक गेले, बहुतेक नमाजाला आलेले. पकडले कोण, तर गावातलेच नऊ मुसलमान. पाच वर्षं आत. मग एनआयएने वेगळ्याच लोकांवर दोषारोपपत्र ठेवलं. या नऊ जणांना २०११ मध्ये जामीन मिळाला आणि २०१६ मध्ये ते दोषमुक्त झाले, त्यातला एक तोवर हयात नव्हता.

दोन वर्षांनी भिक्कू चौकात मोटरसायकलवरचा बॉम्ब. सहा गेले. सतरा वर्षांनी सगळे आरोपी सुटले.

दोन स्फोट आणि आजपर्यंत एकाही माणसाला शिक्षा नाही. इथे कोणी 'कडक कायदा हवा की मानवी हक्क हवेत' असं विचारलं की मला काय बोलावं कळत नाही. आम्हाला दोन्ही मिळालेले नाहीत.

---

टेम्सकाठचा

+१ मोसमकाठ. शब्द नाहीत.

मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे, इथला अनुभव सांगतो, कारण 'पाश्चात्त्य देशांत बघा किती कडक' असं हमखास म्हटलं जातं. नोव्हेंबर १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेच्या बॉम्बने २१ जण मारले गेले. आठवड्याभरात संसदेने दहशतवाद प्रतिबंधक कायदा संमत केला. सहा आयरिश माणसं पकडली गेली, चौघांचे कबुलीजबाब झाले, जन्मठेप लागली. १९९१ मध्ये, सोळा वर्षांनी, ते कबुलीजबाब आणि न्यायवैद्यक पुरावा टिकत नाही म्हणून सहाही जण सुटले. खऱ्या गुन्हेगारांना आजवर शिक्षा नाही. लोकल स्फोटांचा निकाल वाचताना मला सारखं हेच आठवत होतं.

इथे त्यातून काही गोष्टी बदलल्या. पोलीस चौकशीचं ध्वनिमुद्रण १९८० च्या दशकात आलं. दहशतवादी कायद्यांवर नजर ठेवणारा एक स्वतंत्र परीक्षक असतो, त्याला गोपनीय कागद बघता येतात आणि त्याचा अहवाल संसदेसमोर येतो. २००५ च्या लंडन स्फोटांनंतर आरोप न ठेवता ९० दिवस कोठडीत ठेवायची मागणी सरकारने केली, ती संसदेने फेटाळली, २८ दिवस दिले, आणि २०११ मध्ये ते १४ वर आणले. भारतातले १८० दिवस आणि हे १४ दिवस अगदी सारख्या टप्प्याचे नाहीत, कारण आरोप ठेवल्यावर इथेही माणूस खटल्यापर्यंत आत राहू शकतो. पण चौदा दिवसांत पोलिसांना काहीतरी ठोस दाखवावंच लागतं.

सगळं आलबेल आहे असं नाही. परदेशी संशयितांना खटल्याविना डांबायचा प्रकार इथेही झाला, २००४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो मानवी हक्कांच्या विरुद्ध ठरवला.

---

सातारी_माणूस

चर्चा छान चाललीय, पण एक विचारतो. आमच्यासारख्या साध्या लोकांना यूएपीए, मोक्का कशाला लागणार आहे? आणि तो जनसुरक्षा कायदा झाला २०२५ मध्ये, त्यात नेमकं काय आहे? बातम्यांत नुसता गोंधळ.

---

नागपूरची_वकील

सातारी_माणूस, थोडक्यात सांगते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. रोख कडव्या डाव्या संघटनांवर आहे. सरकार संघटना बेकायदा जाहीर करतं, मग सदस्यत्व, मदत, निधी यांसाठी दोन ते सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या आणि काही सुधारणा झाल्या. माझी काळजी 'बेकायदा कृती'च्या व्याख्येची आहे, ती सैल आहे. यूएपीए हातात असताना त्याच्याहून ढिल्या व्याख्येचा आणखी एक कायदा कशासाठी, याचं पटेल असं उत्तर मला मिळालेलं नाही. बंदूक हातात घेणाऱ्यासाठी आधीचे कायदे कमी नाहीत.

'आपल्याला कशाला लागणार' याबद्दल. मी नागपूरची, म्हणून प्रा. साईबाबांचा, माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपाचा यूएपीए खटला जवळून पाहिला. २०१७ मध्ये गडचिरोली सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने खटल्याची मंजुरीच कायदेशीर नव्हती म्हणून सोडलं, दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने विशेष बैठक घेऊन त्याला स्थगिती दिली. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने पुन्हा ऐकून सगळ्यांना निर्दोष ठरवलं. त्यांच्या सहआरोपींपैकी पांडू नरोटे हा आदिवासी तरुण ऑगस्ट २०२२ मध्येच कैदेत वारला होता. निर्दोष आहोत हे ऐकायला तो नव्हता. साईबाबाही सुटल्यानंतर सात महिन्यांत गेले. एल्गार परिषद प्रकरणातले फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे होते, पार्किन्सनने हात थरथरायचे, पाणी प्यायला नळीचा पेला मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. जुलै २०२१ मध्ये ते कोठडीतच गेले, खटला सुरूही झाला नव्हता.

यांची मतं कोणाला पटोत न पटोत. जामिनाचा अर्ज वर्षानुवर्षं चालतो आणि खटला उभाच राहत नाही, तेव्हा कोठडी हीच शिक्षा होते. २०१६ ते २०२० या काळात यूएपीएखाली २४,१३४ जण आरोपी होते. त्याच काळात दोषी ठरले २१२, सुटले ३८६. बाकीच्यांचं काय? त्यातले बहुतेक खटले चालूच आहेत, म्हणून नुसत्या या आकड्यांवरून सगळे निर्दोष असं मी म्हणणार नाही. पण हा लोंबकळता आकडाच मला सगळ्यात भयंकर वाटतो.

---

गिरगावकर

स्टॅन स्वामींच्या पाण्याच्या पेल्याचं मी तेव्हाही समर्थन केलं नव्हतं. ते क्रौर्य होतं.

पण मुद्द्यावर ठाम आहे. गडचिरोलीत १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी सुरुंगाने १५ पोलीस उडवले. तो स्फोट घडवणाऱ्यांना आणि त्यांना मदत करणाऱ्यांना दोन महिन्यांत जामिनावर सोडायचं का? ते परत जंगलात जाणार नाहीत? मला जामिनाची बंदी हवी आहे. खटला लवकर संपवा याला माझी अजिबात हरकत नाही, उलट मीच ते मागतो. कसाबचा खटला नाही का संपला?

---

पश्चिम_रेल्वे

गिरगावकर, जांभुळखेड्याच्याच प्रकरणात एका आरोपीचा जामीन अर्ज जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. खटला रेंगाळलेला. तेव्हा न्यायालय म्हणालं, अशा खटल्यांसाठी स्वतंत्र न्यायालयं उभारा, नाहीतर कच्च्या कैद्यांना जामिनावर सोडण्याखेरीज आमच्याकडे पर्याय उरणार नाही. म्हणजे तुमची भीती खरी ठरेल ती हक्कांची बाजू मांडणाऱ्यांमुळे ठरणार नाही. सरकारने न्यायाधीश, इमारत आणि सरकारी वकील दिले नाहीत म्हणून ठरेल. ज्या सरकारला जामिनाची बंदी हवी आहे त्याने खटला वेळेत संपवायची जबाबदारी घ्यायलाच हवी. एक हवं आणि दुसरं नको, असं चालणार नाही.

कसाबचं म्हणाल तर तोच माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम दाखला आहे. तो जिवंत पकडला गेला, त्याचे फोटो होते, चित्रण होतं, प्रत्यक्षदर्शी होते, हे मान्य. तसा पुरावा प्रत्येक वेळी मिळत नाही. तरी तो खटला कसा चालला बघा. कबुली पोलिसांसमोरची नव्हती, दंडाधिकाऱ्यासमोरची होती. त्याला वकील दिला गेला, तेव्हा त्यावर केवढी ओरड झाली होती. सर्वोच्च न्यायालयातही त्याच्या बाजूने ज्येष्ठ वकील नेमले गेले. २६ नोव्हेंबर २००८ ची घटना, मे २०१० मध्ये शिक्षा, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, नोव्हेंबरमध्ये येरवड्यात फाशी. याच खटल्यात आणखी दोन भारतीय आरोपी होते, कट रचायला नकाशे पुरवल्याचा आरोप होता. पुरावा विश्वासार्ह नाही म्हणून विशेष न्यायालयानेच त्यांना त्या खटल्यातून सोडलं, आणि ते वरपर्यंत कायम राहिलं. १६६ माणसं मेल्यानंतर, सगळा देश रक्त मागत असताना, एका न्यायाधीशाने पुरावा तोलून दोघांना निर्दोष म्हटलं. त्यामुळेच कसाबच्या शिक्षेवर जगात कोणी बोट ठेवू शकलं नाही. मला महाराष्ट्राचा पोलीस असा खटला लढताना पाहायचा आहे, दर वेळी.

---

निवृत्त_तपासी

कसाब खटल्याबद्दल सहमत. तेव्हा मनुष्यबळ आणि पैसा हवा तेवढा मिळाला होता, हेही नोंदवा. मालेगावला तसा कधी मिळाला नाही.

सुटलेल्यांच्या भरपाईबद्दल कोणीच बोललं नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ वा अहवाल दिलाय, चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना कायद्याने भरपाई मिळावी म्हणून. तो तसाच पडून आहे. अशी भरपाई सरकारी तिजोरीतून जायला लागली तर पुढच्या वेळी वरिष्ठ फाईलवर सही करण्याआधी वाचतील. मी खात्यातला माणूस आहे, तरी मला हे हवं आहे.

---

मोसमकाठ

भरपाईचं ठीक. ज्यांची माणसं गेली त्यांनी काय करायचं? २००८ च्या निकालात मृतांच्या घरच्यांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार द्यायला सांगितलंय. बस?

---

नागपूरची_वकील

मोसमकाठ, २००९ च्या दुरुस्तीपासून पीडित कुटुंबाला निर्दोष सुटकेविरुद्ध स्वतः अपील करायचा हक्क आहे, त्यासाठी सरकारची वाट बघावी लागत नाही. तुमच्या गावातल्या काही कुटुंबांनी तो वापरलाय, सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी उच्च न्यायालयात अपील केलं. मर्यादाही सांगते. अपिलात मुख्यतः आधीच नोंदवलेला पुरावा पुन्हा तपासला जातो. २००८ मध्ये जो पंचनामा नीट झाला नाही तो आता नीट होणार नाही. तरी अपील करावंच. वकिलाची फी परवडत नसेल तर उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. कोणाला तो भरायला मदत हवी असेल तर मला इथेच व्यक्तिगत निरोप पाठवा, मी भरून देईन.